फक्त चांगले तेच टिकते का? दहावीतल्या मुलीचा प्रश्न आणि आपल्या भागातील उदाहरणे

मलप्रभा_काठ (खानापूर तालुका)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या आठवड्यात दहावीच्या वर्गात आनुवंशिकता शिकवताना नैसर्गिक निवडीचा विषय निघाला आणि मी नेहमीप्रमाणे सांगून गेलो, की परिस्थितीला जुळणारे गुण टिकतात आणि न जुळणारे हळूहळू नाहीसे होतात. त्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या चुलतभावाला थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे आणि रक्त चढवण्यासाठी त्याला दर महिन्याला बेळगावला न्यावे लागते. ती म्हणाली, "सर, वाईट ते जाते म्हणता, मग हा आजार अजून गेला का नाही?"

मी तिला वाहक म्हणजे काय, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेला निरोगी माणूस, ते सांगितले, पण माझ्या उत्तराने माझेच समाधान झाले नाही. पाठ्यपुस्तकात निवडीवर भर असतो आणि बाकीच्या गोष्टी दोन ओळींत उरकलेल्या असतात. मुलांना गॅलापागोस बेटांवरचे पक्षी सांगितले तर ती ऐकून घेतात, मात्र आपल्या शिवारातले, गोठ्यातले, घरातले उदाहरण दिले तर ती प्रश्न विचारतात. तेव्हा जाणकारांनी या मुलीच्या प्रश्नाचे नीट उत्तर सांगावे आणि आपल्या भागातील उदाहरणे सुचवावीत, ही विनंती.

संख्या_शास्त्र (बेळगाव)

सर, या मुलीला आधी गणित दाखवा, कारण तिच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर गणितातच आहे. १९०८ साली इंग्लंडमध्ये हार्डी आणि जर्मनीत वाइनबर्ग यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिले, की लोकसंख्या मोठी असेल, जोड्या कशाही जुळत असतील आणि बाहेरून काही ढवळाढवळ नसेल, तर एखाद्या जनुकाच्या रूपांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहते. निव्वळ वारसा मिळाल्याने काहीही पुसले जात नाही.

आता दहा हजारांत एका मुलाला होणारा अप्रभावी, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तरच होणारा, आजार घ्या. त्याच्या जनुकाचे प्रमाण शंभरात एक निघते. दोन्ही प्रती सदोष असलेले मूल एकच, पण एक सदोष आणि एक निर्दोष प्रत घेऊन निरोगी जगणारी माणसे दहा हजारांत १९८, म्हणजे जवळजवळ पन्नासात एक. निवड त्या एका मुलापर्यंत पोहोचते, उरलेल्या १९८ जणांना ती पाहूच शकत नाही. आजार झालेले प्रत्येक मूल अपत्याविना गेले असे धरले, तरी त्या जनुकाचे प्रमाण शंभरात एकवरून दोनशेत एकवर यायला १०० पिढ्या लागतात. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर अडीच हजार वर्षे.

शिवाय नवीन उत्परिवर्तने होतच असतात. आईवडिलांमध्ये नसलेले साधारण ६० ते ७० बारीक बदल प्रत्येक अपत्याच्या डीएनएमध्ये असतात. त्यांतील बहुतेकांनी काही बिघडत नाही, पण एखादा बिघडवणारा निघतोच. एका बाजूने निवड झाडून काढते आणि दुसऱ्या बाजूने उत्परिवर्तन भर घालते.

घाटमाथा (जांबोटी)

यात हिवताप राहिला. अॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल दाखवले, की त्या जनुकाची एकच प्रत असलेल्या माणसाला हिवतापाच्या गंभीर प्रकारापासून संरक्षण मिळते. दोन प्रती आल्या की आजार, एकही नसली की हिवतापाचा धोका आणि एक असली की दोन्हींतून सुटका. थॅलेसेमियाच्या वाहकांनाही असेच काही संरक्षण मिळत असावे, असे मानले जाते. म्हणजे निवडीने हा आजार काढून टाकायचा राहून गेला असे झालेले नाही. हिवतापाच्या मुलखात निवडीनेच तो सांभाळला.

आमच्या घाटमाथ्यावरची जुनी माणसे थंडीतापाच्या आठवणी सांगतात तेव्हा त्या ऐकाव्यात. पावसाळ्यानंतर घरातली सगळी माणसे एकाच वेळी अंथरुणाला खिळल्यामुळे भात शेतातच राहिल्याचे माझी आजी सांगत असे. ज्या काळाने माणसांची अशी चाळणी केली, त्याच्या खुणा रक्तात राहणारच.

रक्तगट_बी (बेळगाव)

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. आपल्या भागाचे उदाहरण हवे असेल तर बॉम्बे रक्तगटाचे घ्यावे. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९५२ मध्ये मुंबईत प्रथम नोंदवला आणि मुंबईत त्याचे प्रमाण दहा हजारांत एक असे सांगितले जाते. या माणसांच्या लाल पेशींवर 'एच' हा पायाच नसतो, त्यामुळे वर 'ए' किंवा 'बी' बसू शकत नाही. साध्या तपासणीत ती 'ओ' गटाची वाटतात, पण त्यांना 'ओ' गटाचे रक्त दिले तर जिवावर बेतते.

काही वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेसाठी आलेल्या एका रुग्णाचा गट 'ओ' लिहिलेला होता. त्याच्या सीरममध्ये 'ओ' गटाच्या पेशी घालून नळी सेंट्रिफ्यूजमधून काढली. हलक्या हाताने हलवल्यावर तळाच्या पेशी सुट्या होऊन पसरायला हव्या होत्या. त्या पसरल्या नाहीत. लाल मण्यासारखा एक घट्ट गोळा तळाशी तसाच राहिला. दुसऱ्या 'ओ' दात्याच्या पेशी घेतल्या, तिसऱ्याच्या घेतल्या, प्रत्येक वेळी तोच मणी, म्हणजे 'ओ' गटाचे रक्त त्याला जुळत नव्हते. नातेवाइकांना बोलावून सगळ्या भावंडांची तपासणी केली, तेव्हा धाकटी बहीण त्याच गटाची निघाली आणि तिच्या रक्तावर शस्त्रक्रिया पार पडली. मी त्यांच्या आईला सहज विचारले, "लग्न नात्यातले का?" त्या म्हणाल्या, "माझे यजमान माझे सख्खे मामा."

संख्या_शास्त्र यांनी अशा लग्नांचे गणितही मांडावे, असे मला वाटते.

संख्या_शास्त्र (बेळगाव)

मांडतो. आपल्या सीमाभागात दोन चालीरीती शेजारी नांदतात. मामाच्या मुलीशी लग्न मराठी घरांत पूर्वापार चालत आले आहे आणि अक्काच्या मुलीशी, म्हणजे सख्ख्या भाचीशी लग्न कन्नड घरांत व त्यांच्या सहवासाने काही मराठी घरांतही होते. अपत्याला एकाच पूर्वजाची एकच प्रत दोन्ही बाजूंनी मिळण्याची शक्यता मामे-आते भावंडांच्या लग्नात १/१६ आणि मामा-भाचीच्या लग्नात १/८ असते. जनुकाचे प्रमाण शंभरात एक असेल, तर परक्यांच्या लग्नात दहा हजार मुलांमागे एकाला दोन सदोष प्रती मिळतात, मामेबहिणीशी झालेल्या लग्नात सुमारे ७ मुलांना आणि मामा-भाचीच्या लग्नात सुमारे १३ मुलांना.

यात एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. नात्यातल्या लग्नाने सदोष जनुकांची संख्या वाढत नाही. ती समाजात असतात तेवढीच राहतात, फक्त विखुरलेल्या प्रती जोडीने एकत्र येतात आणि जे झाकलेले होते ते उघडे पडते.

सीमावासी (निपाणी)

मला हा सगळा सूर पटत नाही. आपल्या पूर्वजांनी जातीतच लग्न करण्याची पद्धत घातली ती विचार करूनच घातली असणार. बैलाची, घोड्याची जात आपण राखतो, मग माणसाचे रक्त शुद्ध राहिले तर त्यात वाईट काय? हजारो वर्षे समाज टिकला तो त्यामुळेच.

पशुवैद्य (अथणी)

सीमावासी साहेब, जनावरांची जात राखणे हेच माझे काम आहे, म्हणून मीच उत्तर देतो.

आमच्याकडे खिलार आहे आणि कृष्णाकाठची ती थोराड, देखणी कृष्णा व्हॅली जातही आहे. सांगलीच्या बाजूच्या संस्थानिकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गीर, ओंगोल, कांकरेज आणि स्थानिक गुरे यांच्या संकरातून ती घडवली. काळ्या चिकट रानात औत ओढण्यासाठी ती मुद्दाम मिसळून तयार केलेली आहे. आज जिला आपण अस्सल म्हणतो ती जात चार ठिकाणचे रक्त एकत्र आणून झाली. ट्रॅक्टर आले, औताची गरज संपली आणि आता चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेतही या जातीचा धडधाकट वळू शोधावा लागतो.

इथे खरा धोका सुरू होतो. समजा गावोगावी मिळून २०० गायी आहेत आणि वळू दोनच. दिसायला कळप २०२ जनावरांचा, पण आनुवंशिकतेच्या हिशेबात तो किती मोठा? नर आणि मादी यांच्या संख्यांचा गुणाकार करून त्याला चारने गुणायचे आणि दोन्हींच्या बेरजेने भागायचे. १६०० भागिले २०२, म्हणजे जेमतेम ८. एवढा मोठा कळप आठ जनावरांच्या कळपासारखा वागतो. उत्तम वळूच्या रेतनावर सगळे गाव अवलंबून राहिले, की तीन-चार पिढ्यांत कालवडी गाभण राहीनाशा होतात आणि खोंड अशक्त निपजतात. हे मी गोठ्यात हात घालून पाहिलेले आहे. जात राखायची म्हणजे वळू अनेक ठेवायचे आणि अधूनमधून लांबच्या कळपातून आणायचे. दार बंद करून जात राहत नाही.

घाटमाथा (जांबोटी)

पशुवैद्य साहेबांना दुजोरा, आणि माणसांबद्दल थोडी भर. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतभरातील समूहांचे डीएनए तपासले गेले. त्यातून असे दिसले, की आजपासून सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात उपखंडातील अगदी वेगवेगळ्या लोकसमूहांची मोठ्या प्रमाणावर सरमिसळ झाली आणि त्यानंतर समूहांतर्गत लग्नांची पद्धत घट्ट होत गेली. म्हणजे आधी सगळे मिसळले आणि मग कुंपणे पडली. २०१७ च्या अभ्यासात २६३ समूह तपासले, त्यांपैकी ८१ समूह इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेले निघाले, की त्याबाबत ते, ज्यांचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते त्या फिनलंडच्या लोकांच्याही पुढे आहेत. अशा समूहांत एखाद्या मूळ पूर्वजाकडे योगायोगाने असलेला दोष पुढे हजारो घरांत पोहोचतो. आंध्रातील वैश्य समाजातल्या काही जणांना भूल देताना वापरले जाणारे एक औषध सोसत नाही आणि त्यांचे स्नायू बराच वेळ लुळे राहतात, याचे कारण हेच.

आमच्या खानापूर तालुक्यात आणि पलीकडे हल्याळ, यल्लापूरच्या रानात सिद्दी बांधव राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. २०११ मधील अभ्यासाने त्यांच्यात आफ्रिकन वारशाबरोबर भारतीय आणि थोडा युरोपीय वारसाही दाखवला. माझ्या शेजारचे सिद्दी काका मराठी, कन्नड आणि कोंकणी या तिन्ही भाषा सारख्याच सफाईने बोलतात. ज्यांना आपण सर्वांत वेगळे समजतो, त्यांच्यातही आपण आहोतच.

सीमावासी (निपाणी)

वळूचा हिशेब मला माहीत नव्हता. माझ्या आजोबांनी खिलार बैल पाळले होते आणि वळू बदलायला ते मुद्दाम सांगोल्याच्या बाजूला जात, हे आत्ता आठवले. माणसांच्या बाबतीत मी अजून विचार करतो आहे, पण 'शुद्ध' हा शब्द मी मागे घेतो.

अक्का (संकेश्वर)

मी इथे क्वचितच लिहिते. माझे लग्न माझ्या धाकट्या मामाशी झाले, मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. थोरला मुलगा ठणठणीत आहे. मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. तपासायला नेले तेव्हा डॉक्टर कागदावरून मान वर न करता म्हणाले, "नात्यातले लग्न ना, मग असे होणारच." ते वाक्य मी गेली अकरा वर्षे रोज ऐकते आहे. वरचे हिशेब मी दोनदा वाचले. मला एवढेच विचारायचे आहे, की यात आमची चूक किती होती?

संख्या_शास्त्र (बेळगाव)

अक्का, ते वाक्य चुकीचे होते. 'होणारच' असे यात काहीच नसते. नाते नसलेल्या जोडप्यांतही शंभरात दोन-तीन मुलांना जन्मतः काही गंभीर दोष असतो. मामे-आते भावंडांच्या लग्नात त्यात आणखी दोन-तीनची भर पडते. मामा-भाचीच्या लग्नात धोका त्याहून अधिक असतो, तरी बहुसंख्य मुले निरोगीच जन्मतात आणि आपला थोरला त्यांतलाच आहे. आपण आणि आपले यजमान जो दोष वाहत असाल तो तुम्ही निर्माण केलेला नाही, तो एखाद्या खापरपणजीकडून चालत आलेला असेल. माझ्याकडेही असे काही दोष असणार आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाकडेही. मुलाच्या लग्नाच्या वेळी मात्र जनुकीय समुपदेशकाचा सल्ला जरूर घ्या आणि शक्यतो नात्याबाहेरचे स्थळ पाहा. त्याच्याकडे एक प्रत असली, तरी दुसऱ्या बाजूने तीच प्रत येण्याची शक्यता मग फार कमी होते.

रक्तगट_बी (बेळगाव)

अक्का, मुलगी आता काय शिकते?

अक्का (संकेश्वर)

सहावीत आहे. चित्रे फार सुंदर काढते. संख्या_शास्त्र दादा, आपले उत्तर मी यजमानांना वाचून दाखवले.

उसाचा_मळा (चिकोडी)

गुरुजी, शिवारातले उदाहरण माझ्याकडे आहे. ऊस आपण बियांपासून लावत नाही, डोळ्याच्या कांडीपासून लावतो. म्हणजे माझ्या मळ्यातला को ८६०३२ चा प्रत्येक ऊस दुसऱ्याची हुबेहूब प्रत आहे. कोइमतूरच्या संशोधन केंद्रात तुऱ्यावरून संकर करतात तेव्हाच नवे वाण निघते. पूर्वी तिथे गोड ऊस आणि रानटी काटक ऊस यांचा संकर करून को २०५ काढला, तो १९१८ मध्ये लागवडीसाठी आला. विविधता शेतात तयार होत नसल्यामुळे रोग आला की निवडीला निवडायला काही उरत नाही. उत्तर प्रदेशात को ०२३८ या एकाच वाणाने बहुतेक क्षेत्र व्यापले, त्यावर लाल कूज आली आणि फडच्या फड वाळले. बुरशी बदलत राहते, ऊस मात्र जागच्या जागी. मुलांना फडावर नेऊन दाखवा, एका उसाचे दोन पेर कापून दोन ठिकाणी लावले, की विविधता नसणे म्हणजे काय ते हातात धरून कळते.

काळी_माती (बैलहोंगल)

कापसाचे उदाहरण याच्या उलट आहे. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणारा कापूस, २००२ मध्ये आला. त्या बियाण्याबरोबर बिगर-बीटी बियाण्याचे छोटे पाकीट येत असे. ते कडेने लावायचे असते, पण आम्ही बहुतेकांनी ते बांधावर फेकून दिले, कारण अळीने खाण्यासाठी कापूस लावा असे सांगितले तर कोणता शेतकरी ऐकेल? आता त्याचा अर्थ कळतो. बीटी झाडावर विष पचवणाऱ्या मोजक्याच अळ्या जगतात. शेजारी बिगर-बीटी झाडे असती, तर तिथले साधे पतंग येऊन त्यांच्याशी जुळले असते आणि विष पचवणारी जनुके पातळ झाली असती. आम्ही साध्या पतंगांची वाटच बंद केली. २०१० च्या सुमारास गुजरातेत गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली आणि पुढे ती आमच्या बोंडांतही आली. बोंड फोडले की कवडी झालेला पिवळा कापूस आणि आत गुलाबी अळी. निवड किती वेगाने काम करते, हे पाहायला अडीच हजार वर्षे लागत नाहीत.

सातेरी (बेळगाव)

मला एक शंका आहे. वर योगायोगाचा उल्लेख आला. योगायोगाला उत्क्रांतीचे बळ कसे म्हणता येईल? बळ म्हटले की दिशा असली पाहिजे.

संख्या_शास्त्र (बेळगाव)

रास्त शंका आहे. निवडीला दिशा असते, योगायोगाला नसते, हे खरे. पण जनुकांचे प्रमाण बदलणे हीच उत्क्रांतीची व्याख्या घेतली, तर योगायोगही ते बदलतो आणि लहान समूहात तर निवडीला मागे सारण्याइतके बदलतो. याला ड्रिफ्ट म्हणतात. १९६८ मध्ये किमुरा यांनी असे मांडले, की रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल निवडीमुळे नव्हे, तर याच वाहवत जाण्याने पक्के झालेले असतात.

मलप्रभा सरांनी वर्गात हे करून पाहावे. बरणीत चार तांबड्या आणि चार पांढऱ्या चवळ्या घालाव्यात. डोळे मिटून एक काढायची, रंग लिहायचा आणि परत टाकायची. असे आठ वेळा केल्यावर जे रंग आले तेवढ्याच चवळ्यांची नवी बरणी भरायची. ती पुढची पिढी. दोन्ही रंग सारखेच चांगले आहेत, तरी सरासरी अकराव्या पिढीच्या आसपास एक रंग नाहीसा होतो. मग दुसऱ्या दिवशी प्रत्येक पिढीला शेजारच्या बरणीतली एक चवळी बदलून घ्यायला सांगावे. सिवॉल राइट यांनी दाखवले होते, की पिढीला एखादाच पाहुणा आला तरी दोन समूह एकमेकांपासून फार दूर जात नाहीत.

सीमावासी (निपाणी)

ही पाहुणी चवळी म्हणजे आपल्याकडची नवी नवरी. निपाणीच्या मुली कागल, गडहिंग्लजला जातात, चंदगडच्या मुली बेळगावात येतात. १९५६ च्या नोव्हेंबरात सीमा आखली गेली, पण लग्नाची वऱ्हाडे थांबली नाहीत. मात्र बरण्या गावांच्या नाहीत, जातींच्या आहेत, हे माझे मलाच आता दिसते आहे.

मलप्रभा_काठ (खानापूर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. काल दोन तासिका घेऊन चवळ्यांचा प्रयोग केला. सहा गट केले होते. दहा पिढ्यांत चार बरण्या एकरंगी झाल्या, दोन तांबड्या आणि दोन पांढऱ्या. एका गटाची बरणी सलग तीन पिढ्या सात तांबड्या आणि एक पांढरी अशी राहिली, तेव्हा सगळा वर्ग त्या एका पांढऱ्या चवळीभोवती श्वास रोखून उभा होता. शेवटी ती गेली. एक मुलगा म्हणाला, "सर, तिची काहीच चूक नव्हती." दुसऱ्या तासिकेला बरण्यांमध्ये देवाणघेवाण सुरू केली आणि एकही बरणी एकरंगी झाली नाही. तसे प्रत्येक वेळी होईलच असे नाही, हेही मी त्यांना सांगितले.

जिने प्रश्न विचारला होता, ती मुलगी आज वहीचे एक पान घेऊन आली. आजी, पणजी, आत्या, काकू यांची माहेरची गावे तिने लिहून काढली होती. नंदगड, बिडी, हलशी, पुन्हा नंदगड, पुन्हा हलशी. पणजीच्या पलीकडे तिच्या घरात कोणालाच माहेरांची नावे आठवत नाहीत. पानाच्या खाली तिने लिहिले होते, की आमच्या बरणीत बाहेरची चवळी फार कमी येते. मी तिला हिवतापाचे सांगितले, १९८ वाहकांचे गणित मांडून दाखवले आणि तिच्या काकांना शाळेत बोलावून घेतले. पुढच्या खेपेला चुलतभावाला रक्त चढवायला नेतील, तेव्हा घरातल्या सगळ्या मुलामुलींची वाहक तपासणी करून घ्यायची असे ठरले आहे. रक्तगट_बी, त्यासाठी उपाशीपोटी यावे लागते का, एवढे कळवावे.

रक्तगट_बी (बेळगाव)

नाही, जेवून या. साधी रक्ततपासणी आहे. ज्यांना लोहाची कमतरता आहे त्यांनी ते आधी सांगावे, कारण त्यामुळे वाहक असूनही अहवालात तसे दिसत नाही.